जुन्या चिनी काशाच्या आरशाची पाठ कशी वाचायची, आणि मग शाडूत कशी कोरायची

जुन्या चिनी काशाच्या आरशाचा फोटो समोर आला की आधी मधल्या गुंडीकडं बघा. ड्रॅगनकडं नको, कारण ड्रॅगन दिसला की नजर तिथंच अडकते आणि बाकीचं सगळं नुसतं भरगच्च नक्षीकाम वाटायला लागतं. गुंडी म्हणजे पाठीच्या बरोबर मध्यावर उठलेला गोल उंचवटा, त्याला आडवं आरपार भोक, त्यातून गोफ ओवायचा आणि आरसा हातात धरायचा नाहीतर टांगायचा. तोंड बघायची बाजू घासून गुळगुळीत केलेली, नक्षी सगळी पाठीवर, आणि ही पाठ मधून बाहेर वाचत गेलात तर उलगडते, कडेवरून आत शिरलात तर गोंधळ होतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न (ओतायच्या वस्तूचा नमुना) आणि मोल्डच्या (साच्याच्या) कामात आहे, त्यामुळं मी या आरशांकडं कास्टिंग, म्हणजे ओतीव काम म्हणूनच बघतो. आणि माझं ठाम मत आहे की ही नक्षी खरंच समजून घ्यायची असेल तर नुसती बघून भागत नाही, एकदा तरी स्वतःच्या हातानं मातीत उलटी कोरायला पाहिजे. म्हणून आधी वाचायचं कसं ते सांगतो, मग कोरायचं कसं ते. भट्टी नको, धातू नको, शाडू, प्लास्टर आणि कंपास एवढ्यात काम होतं.

पहिल्यांदा धातूचं, कारण नक्षी तशी का आहे याचं निम्मं उत्तर तिथंच आहे. हान राजवटीतल्या (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) चांगल्या आरशात साधारण ७० टक्के तांबं, २३ ते २५ टक्के कथील आणि ५ टक्क्यांच्या आसपास शिसं असतं. एवढं कथील घातलं की धातू तांबूस राहत नाही, चांदीसारखा पांढरट होतो, पॉलिश एक नंबर घेतो, पण ठिसूळ होतो, फरशीवर पडला तर वाकत नाही, सरळ तुकडे पडतात. म्हणजे मागून ठोकून नक्षी उठवायचा प्रश्नच नाही, जी काय नक्षी आहे ती ओततानाच साच्यातून आली पाहिजे. शानदोंग प्रांतात लिन्झीला हान काळातले आरशांचे मातीचे साचे सापडलेत, दोन भागांचे, एक सपाट, एक नक्षीचा, कडेला धातू ओतायचं तोंड आणि त्याच्या दोन बाजूला हवा निघायला वाटा. आमच्या शिरोळीतल्या किंवा गोकुळ शिरगावातल्या कुठल्याही मोल्डरला दाखवा, तो एका नजरेत सांगेल कुठून काय गेलं असणार.

आता या हिशोबानं पाठीवरची रेष बघा. केसाएवढी बारीक, वर उठलेली रेष दिसते ना, ती साच्यात खोदलेली होती. मातीत टोकदार काडीनं ओरखडा काढला की धातूत रेष उठून येते, ते सोपं. आणि धातूत खोलगट रेष हवी असेल तर साच्यात तेवढी बारीक मातीची भिंत उभी ठेवून आजूबाजूची सगळी माती खरवडावी लागते, आणि ती भिंत कधी ढासळेल सांगता येत नाही. म्हणून या आरशांवर उठावाच्या रेषा जिकडं तिकडं आणि खोदल्यासारख्या रेषा कमी. फोटो झूम करून एखाद्या उठलेल्या रेषेचा कोपरा बघा, जिथं रेष काटकोनात वळते तिथं कधीकधी छोटी गाठ दिसते, धातूचा थेंब साचल्यासारखी. काडी वळवताना तिथली माती जरा जास्त निघाली, ती ही गाठ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात असा दिसतो आणि मला तर कुठल्याही ड्रॅगनपेक्षा ती गाठ जास्त आवडते.

गुंडीवरून आणि कडेवरून काळाचा अंदाज येतो. गुंडी एकदम बारकी, पट्टीसारखी, वर उभ्या दोन-तीन पन्हाळ्या असलेली, आरसा पातळ आणि कड जराशी वर वळलेली, असं असेल तर बहुतेक युद्धमान राज्यांचा काळ, म्हणजे इ.स.पू. ४७५ ते २२१. त्या आरशांवर आधी सगळीकडं बारीक पिसासारखी, ढगासारखी पार्श्वभूमी भरलेली असते आणि त्यावर मोठी नक्षी, त्यात चार तिरक्या इंग्रजी ई सारख्या आकृत्या दिसल्या तर ते चिनी लिपीतलं डोंगर या अर्थाचं अक्षर आहे. गुंडी अर्धगोल, घसघशीत, कड रुंद आणि सपाट, तर हान. कडेचा छेद त्रिकोणी, टोकदार उठलेला आणि आत देव आणि जनावरं, तर तिसऱ्या शतकाच्या आसपासचा प्रकार, आणि हे जपानात ढिगानं सापडतात, नारा भागातल्या कुरोझुका थडग्यात १९९७-९८ च्या उत्खननात एकाच ठिकाणी ३३ निघाले. आरसा गोल नसून आठ पाकळ्यांच्या फुलासारखा असेल, किंवा गुंडीच्या जागी दबा धरून बसलेलं जनावर असेल आणि भोवती द्राक्षांचे घड, तर थांग (६१८ ते ९०७). थांगनंतरच्या सोंग काळात दांडीचे आरसेही दिसतात आणि पाठ बऱ्याचदा साधी, फक्त कारखानदाराचा शिक्का, हूझोऊ गावाचं नाव असलेले असे बरेच आहेत.

याच्याही कितीतरी आधीपासून आरसे आहेत. आनयांगला १९७६ मध्ये राणी फू हाओचं थडगं उघडलं, इ.स.पू. १२०० च्या सुमाराचं, त्यात चार आरसे होते, त्यांच्यावर साध्या रेघांची भौमितिक नक्षी आहे. पण शिकायला सुरुवात करायची तर तिथून करू नका, हानपासून करा, आणि हानमध्येही ज्याला जगभर टीएलव्ही म्हणतात त्या आरशापासून. वांग मांग या सम्राटाच्या काळात, म्हणजे इ.स. ९ ते २३ मध्ये हा प्रकार ऐन भरात होता.

टीएलव्ही असा वाचायचा. मध्ये गुंडी, तिच्याभोवती चार पाकळ्या, चारही कोपऱ्यांकडं टोक करून. त्याच्या बाहेर चौकोन. हा चौकोन म्हणजे पृथ्वी. चौकोनाच्या पट्टीत बारा बारके मणी आणि त्यांच्यामध्ये बारा अक्षरं, प्रत्येक बाजूला तीन, ही काळ आणि दिशा मोजायची बारा चिन्हं, तीच ज्यांना नंतर उंदीर, बैल, वाघ असे प्राणी जोडले गेले. सगळ्यात बाहेर वर्तुळ, ते आकाश. चौकोन आणि वर्तुळ यांच्या मधल्या जागेत चौकोनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यातून बाहेर निघालेला इंग्रजी टी, त्याच्या समोर वर्तुळातून आत आलेला एल, आणि चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यासमोर व्ही, टोक आत, तोंड बाहेर. ही खुणांची मांडणी तेव्हाच्या ल्योबो नावाच्या पटावरच्या खेळाची आहे, तो पट हान थडग्यांत सापडतो, मावांगदुईच्या तिसऱ्या थडग्यात तर अख्खा संच निघाला. त्याच मांडणीवर शकुनही बघायचे, जिआंगसू प्रांतात यिनवानला १९९३ मध्ये तशी आकृती काढलेली लाकडी फळी मिळाली. म्हणजे पाठीवर जे आहे ते दिशा आणि काळ यांचं मांडलेलं कोष्टक आहे, शोभेची वेलबुट्टी नाही.

मग चार दिशांचे राखणदार. पूर्वेला हिरवानिळा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला तांबडा पक्षी, उत्तरेला कासव आणि त्याला वेढा घातलेला साप. ज्यांनी शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभं राहून वर बघितलंय त्यांना हे सांगावं लागत नाही, तिथंही वर गोल आकाश आणि कडेनं आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल आहेत, तिथं ते आठ, इथं चार.

वाचताना एक गोष्ट आधी करायची, फोटो फिरवून पक्षी वर आणायचा. जुन्या चिनी मांडणीत दक्षिण वर असते, त्यामुळं पक्षी वर घेतला की ड्रॅगन डाव्या हाताला आणि वाघ उजव्या हाताला आला पाहिजे. काही आरशांवर हे लिहूनच ठेवलेलं असतं, डावीकडं ड्रॅगन उजवीकडं वाघ अशुभ टाळतात, तांबडा पक्षी आणि काळं कासव यिन आणि यांग जुळवून ठेवतात, अशा अर्थाची ओळ. म्युझियमच्या फोटोत आरसा कसाही फिरवून ठेवलेला असतो, तेवढं तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका.

लेखाची पट्टी असली तर ती साधारण घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि सुरुवात कुठं ते बऱ्याचदा ठिपक्यानं दाखवलेलं असतं. चिनी येत नसलं तरी ठरलेल्या ओळी ओळखीच्या होतात. सगळ्यात प्रसिद्ध ओळ शांगफांग या सरकारी कारखान्याच्या नावानं येते (खाजगी कारागीरही ते नाव बिनदिक्कत वापरायचे), तिचा अर्थ असा की शांगफांगनं केलेला हा आरसा खरंच सुरेख झालाय, वर चिरंजीव लोक आहेत ज्यांना म्हातारपण माहीत नाही, तहान लागली की ते जेडच्या झऱ्याचं पाणी पितात, भूक लागली की बोरं खातात. रोज सकाळी तोंड बघायच्या वस्तूच्या मागं हे लिहायचं सुचणं, मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

लहान आरशांत एक प्रकार आहे ज्यात आठ कमानी आत तोंड करून गोल जोडलेल्या असतात आणि लेख असतो की सूर्याचा प्रकाश दिसला की सगळं जग उजळतं. यातलेच काही आरसे असे आहेत की त्यांच्या समोरच्या गुळगुळीत बाजूवर ऊन घेऊन ते भिंतीवर पाडलं तर पाठीमागची नक्षी भिंतीवर उमटते, शांघाय म्युझियममध्ये तसे आहेत. किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात उन्हाच्या तिरिपीची वाट बघत उभं राहणाऱ्या गावाला यातलं नवल वेगळं सांगायला नको. अकराव्या शतकात शन कुओ नावाच्या विद्वानानं आपल्या घरातल्या अशा तीन आरशांबद्दल लिहून ठेवलंय, आणि कारण दिलंय की पातळ भाग आधी थंड होतो, नक्षीचा जाड भाग मागून थंड होतो आणि जास्त आकसतो, त्यामुळं समोरच्या बाजूवर डोळ्याला न दिसणारे चढउतार राहतात. हे वाचून मी उडालोच, हे तर श्रिंकेज, आम्ही रोज ज्याच्याशी भांडतो तेच. नंतरच्या लोकांनी दाखवलं की घासताना पातळ भाग दबतो आणि मग उलटा फुगतो, त्याचाही वाटा मोठा आहे. कोलकात्याला जेम्स प्रिन्सेप, ब्राह्मी लिपी वाचणारा तोच, त्यानंही १८३२ मध्ये अशा जपानी आरशावर टिपण लिहिलंय.

हे आरसे फिरलेतही लांब. अफगाणिस्तानात तिल्या तेपेला १९७८ मध्ये जी थडगी निघाली त्यात बायकांजवळ हान आरसे होते, साधारण पहिल्या शतकातले. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला रोमन पोसायडन टाऊन हॉल म्युझियममध्ये बघितला असेल तर लक्षात येईल की त्या काळात काशाच्या वस्तू कुठून कुठं जात होत्या, तो पोसायडन बघायला मी अजूनही जातो.

आणि एक सावधगिरी. जुन्या आरशावरून साचा घेऊन नवा ओतायची पद्धत चीन-जपानात पूर्वापार आहे, त्यात आकसल्यामुळं नवा आरसा जरा लहान येतो आणि बारीक रेषा बसलेल्या, बोथट येतात. म्हणून नक्षी अभ्यासायला फोटो निवडताना ड्रॅगनचे खवले आणि वाघाच्या पट्ट्या सुट्ट्या दिसतात का ते बघा, चिकटलेल्या असतील तर दुसरा फोटो घ्या. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं २०१७ पासून आपले बरेच फोटो मोफत वापरायला खुले केलेत, ते मोठे करून बघता येतात, तिथून सुरुवात करा.

आता कोरायचं. आधी कागदावर. १८ सेंटीमीटर व्यासाचा आरसा धरू. एकाच केंद्रातून वर्तुळं काढा, ९ सेंमी त्रिज्येचं बाहेरचं, ७ चं कडेची आतली हद्द, ६.२ चं मुख्य मैदानाची हद्द, आणि १ सेंमीचं गुंडीचं. मध्ये ५.४ सेंमी बाजूचा चौकोन आणि त्याच्या आत ३.८ चा, या दोघांमधल्या पट्टीत बारा चिन्हं येणार. टीची दांडी चौकोनाच्या बाजूच्या मध्यातून ८ मिलीमीटर बाहेर काढा आणि त्यावर आडवी पट्टी द्या. एल ६.२ च्या वर्तुळातून १ सेंमी आत आणा आणि मग एका बाजूला वळवा, चारही एल एकाच दिशेला वळले पाहिजेत, नाहीतर सगळी फिरकी मोडते. व्हीचं टोक केंद्रापासून ४.७ सेंमीवर, चौकोनाच्या कर्णाच्या रेषेत, आणि त्याच्या दोन्ही दांड्या चौकोनाच्या बाजूंना समांतर, हे जमलं की समजा मांडणी बरोबर आली. टीच्या दोन्ही बाजूला एकेक मोठा मणी, असे आठ. या आठ जागांत चार राखणदार आणि त्यांच्या जोडीची जनावरं बसतात. कडेवर करवतीचे दात काढायला वर्तुळाचे त्रिज्येनंच सहा भाग पाडा आणि निम्मे निम्मे करत ९६ पर्यंत जा, हे काम कंटाळवाणं आहे पण पट्टीनं मोजून केलं तर शेवटचा दात हमखास जाड नाहीतर बारीक येतो.

हे चित्र बटर पेपरवर उतरवा आणि पेपर उलटा करा. साच्यात पक्षी वर धरला की ड्रॅगन उजवीकडं दिसला पाहिजे. अक्षरंही उलटी. खुद्द हान आरशांवर काही ठिकाणी उलटी उमटलेली अक्षरं सापडतात, साच्यात सरळ कोरली की असं होतं.

शाडू कुंभार गल्लीत मिळते, गणपतीच्या आधी दोन महिने तर कुठंही. चांगली मळून, हवा काढून, प्लायवूडच्या तुकड्यावर २२ सेंमीची, अडीच सेंमी जाड चकती करा आणि सरळ पट्टीनं वरून सपाट ओढून घ्या. ओल्या मातीवर कोरायला बसू नका. ओलं फडकं टाकून ठेवा आणि नख ओढल्यावर रेष स्वच्छ उमटते, कडेला माती फुगत नाही, अशी झाली की घ्या, पावसाळ्यात याला लई वेळ लागतो. मग बटर पेपर ठेवून टाचणीनं टोचत चित्र उतरवा.

कोरायचा क्रम महत्त्वाचा आहे. वर्तुळं आधी, आणि गुंडी सगळ्यात शेवटी, कारण गुंडीचा खड्डा खणला की कंपास टेकवायला केंद्रच राहत नाही. लाकडी पट्टीला दोन खिळे मारून केलेला कंपास मातीत नेहमीच्या कंपासपेक्षा चांगला चालतो. ७ ते ९ सेंमीमधली कड ३ मिलीमीटर खोल काढा, म्हणजे ती आरशात उठून येईल, आणि करवतीचे दात तिच्या तळात. टी, एल, व्ही दीड मिलीमीटर खोल, तळ सपाट. भिंती सरळ उभ्या ठेवू नका, वर जराशा उघडत्या ठेवा, आम्ही त्याला ड्राफ्ट म्हणतो, ड्राफ्ट नसेल तर प्लास्टर अडकतं आणि निघताना माती घेऊन येतं. मणी पेन्सिलच्या मागच्या गोल टोकानं दाबून काढा. जनावरं दाभणानं, आणि आधी पाठीचा एकच लांब वाक काढून घ्या, ड्रॅगनचा असो की वाघाचा, त्या एका रेषेत त्याची चाल बसते, पाय-शेपूट मागून. खवले मोजत बसू नका. कोरताना जी माती सुटते ती ओली असताना झाडली तर रेषेत चोपडली जाते, ती सुकू द्या आणि मग मऊ ब्रशनं उडवा. शेवटी चमच्याच्या पाठीनं गुंडीचा खड्डा, १ सेंमी खोल.

चकतीभोवती जाड प्लास्टिकची पट्टी गुंडाळून मातीनं बाहेरून लिंपा. एक वाटी पाण्याला दीड ते दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस, आणि पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, गुठळ्या होतात. पहिला हात ब्रशनं सगळ्या रेषांत फिरवा म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत, मग बाकीचं हळू ओता, दीड सेंमी जाडीपर्यंत. अर्ध्या तासानं कडक झालं की माती खालून सोलून काढा. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, पाईप बसतो.

रेषांत अडकलेली शाडू ओल्या टूथब्रशनं काढा, दोन-तीन दिवस वाळू द्या आणि मग फडक्यानं ग्रॅफाइट पावडर चोळा, उंच भाग उजळ आणि खाचा गडद होतात आणि प्लास्टर चक्क धातूसारखं दिसतं. त्यावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की ठसा मिळतो, तो मूळ फोटोशेजारी ठेवून तपासा, पक्षी वर, ड्रॅगन डावीकडं, चारही एल एका दिशेला. शाडू वाया जात नाही, भिजवून परत मळा आणि दुसरा आरसा घ्या. दुसऱ्यांदा आठ कमानींचा करा, तो तासाभरात कोरून होतो. थांगची द्राक्षं आणि सिंह मात्र इतक्यात नको, त्यात उठाव गोलसर आणि थरावर थर असतात, तिथं आधी शाडूत सुलटा पॅटर्न घडवून त्यावरून साचा घ्यावा लागतो.